‘थंड बिअर’ म्हणजे नेमकी किती थंड?

माझ्या चॅप्टरच्या पहिल्या खर्ड्यात एक वाक्य होतं: ‘कंपनीच्या काळातले मुंबईचे इंग्रज मायदेशातल्या सवयीप्रमाणे थंड बिअर पीत.’ गाईडनी खाली पेन्सिलने दोनच शब्द लिहिले, ‘किती थंड?’ मला ते उगाच काढलेलं खुसपट वाटलं. थंड म्हणजे थंड! पण त्या दोन शब्दांपायी पुढचे तीन आठवडे गेले आणि निम्मा चॅप्टर पाडून पुन्हा बांधावा लागला.

चूक साधी होती. जुन्या मजकुरात ‘कूल’ हा शब्द वाचला की माझ्या डोळ्यांपुढे फ्रिजमधून काढलेली, बाहेरून घाम सुटलेली बाटली यायची. तुमचंही असंच होत असेल. शब्द तोच राहतो, त्याच्या आतलं तापमान बदलतं.

बरं, मोजायचं साधन नव्हतं असंही नाही. मायकेल कॉम्ब्रूनच्या १७६२ सालच्या पुस्तकात बिअर बनवताना थर्मामीटर कसा वापरावा याची चर्चा आहे. पण भट्टीत अंश मोजणारे लोक पेल्यात थर्मामीटर घालत नव्हते. आवड लिहून ठेवतात, आकडा नाही. मग आकडा बाहेरून काढावा लागतो: त्या माणसाच्या हाताशी थंड करायची साधनं कोणती होती आणि ती कुठवर पोचत होती?

पहिलं साधन ओलं फडकं, म्हणजे आपल्या माठाचंच तत्त्व. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, पण हवा दमट असेल तर ते उडतच नाही. नागपूरच्या मे महिन्यात माठ कमाल करतो. मुंबईच्या मे महिन्यात या युक्तीने साधारण २५-२६ अंश सेल्सिअसच्या खाली फारसं जाता येत नाही. दुसरं साधन सोरा. तो पाण्यात विरघळला की पाणी गार पडतं, दहा-बारा अंश तरी उतरतं. अकबराच्या दरबारात पाणी असं गार करत, हे ‘आईन-इ-अकबरी’त आहे. हेच काम करणारा आबदार टॉमस विल्यमसनने १८१० साली इंग्रजांच्या घरच्या नोकरांत मोजला आहे. तिसरं साधन बर्फ. अलाहाबादकडे हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री उथळ मातीच्या भांड्यांत तो धरत. रॉबर्ट बार्करने १७७५ मध्ये त्याची सविस्तर हकीकत छापली. मुंबईत ती सोय नाही, इथल्या हिवाळ्याला तेवढी धारच नाही.

म्हणजे मुंबईतली सगळ्यात थंड बाटली सोऱ्याच्या पाण्यातली, माझ्या अंदाजाने १५ अंशांच्या आसपास. आता इंग्लंडकडे बघा. तिथे पिंपातली एल तळघराच्या तापमानाला प्यायची रीत; आजही ११ ते १३ अंश योग्य मानतात. ‘इंग्रज कोमट बिअर पितात’ ही तक्रार फ्रिजला सरावलेल्या जिभेची आहे. (बव्हेरियातल्या लागरचं प्रकरण वेगळं. तिथे १५५३ पासून उन्हाळ्यात बिअर बनवायलाच बंदी होती, म्हणून थंड तळघरं, आणि पुढे १८७०च्या दशकात लिंडेची शीतयंत्रं. त्यात आज शिरत नाही.)

आबदार जीव तोडून जे गाठत होता, ते म्हणजे साहेबाच्या गावचं तळघर. त्याहून थंड नव्हे!

मग १८३३ मध्ये बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरचा बर्फ ‘टस्कनी’ जहाजातून कलकत्त्याला आला. निघताना सुमारे १८० टन, पोचताना १०० टनांच्या आसपास. पुढच्या वर्षी मुंबईतही अमेरिकन बर्फ उतरला. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम दिलं, यजमान-पाहुण्यांना सर्दी झाली आणि ‘मुंबई समाचार’ने चांगलीच अद्दल घडली अशा अर्थाचा टोमणा मारला. आता बाटली शून्याच्या जवळ नेता येत होती. एवढी थंड बिअर या इंग्रजांना मायदेशात सहसा मिळत नव्हती. म्हणजे माझ्या वाक्यातलं ‘मायदेशातल्या सवयीप्रमाणे’ बर्फ येण्याआधी कसंबसं खरं, आणि नंतर साफ खोटं. माझा मुख्य मुद्दाच त्या शब्दांवर उभा होता.

याला निव्वळ ‘आवड’ म्हणायलाही मी आता कचरतो. फार थंडीत जिभेला चव कमी कळते, वासही दबतो. हॉप्सचा कडवट सुगंध असलेली पेल एल २ अंशांवर प्यायली तर तिचं निम्मं सत्त्व हरवतं. उलट हलकी लागर तिथेच बरी लागते. मला स्वतःला एल १२ वर आवडते, मित्र हसतात.

खरा आकडा ज्याच्या बोटांत होता तो आबदार. सोऱ्याच्या पाण्यात बाटली फिरवताना हाताला किती गार लागलं की ती काढायची, हे त्यालाच ठाऊक. मी वाचलेल्या कागदांत तो फक्त मालकाच्या वाक्यांतून दिसतो.

नवं वाक्य असं केलंय: ‘१८३४ पूर्वी मुंबईत थंड बिअर म्हणजे आबदाराच्या हाताला थंड लागलेली बिअर.’ गाईडकडे दिलंय. पेन्सिल अजून परत आलेली नाही.