इंच

कापड मीटरवर घ्यायचं, पण शिंप्याची टेप फिरते इंचांत. छाती चाळीस, कापड सव्वादोन. आणि यात कुणाला काही खटकत नाही!

हा इंच इंग्रजीतून आला, पण मूळचा लॅटिन. ‘उन्किया’ म्हणजे बारावा भाग. फुटाचा बारावा तो इंच. रोमन पौंडाच्या बाराव्या भागालाही उन्कियाच म्हणत. त्याचा झाला औंस. पुढे औंस पौंडाचा सोळावा भाग झाला, नाव मात्र बाराचंच राहिलं.

भारतात १९५६च्या कायद्यानं मेट्रिक मापं आणली. १९५९च्या आंतरराष्ट्रीय करारानं तर इंचच २५.४ मिलिमीटरचा ठरला. तरी टीव्ही ‘त्रेचाळीस इंची’, पाईप ‘अर्धा इंची’. आणि बांधाच्या भांडणात इंचभरही न हटणारा मराठी माणूस सेंटिमीटरभर हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.