अज्ञान मुलांची अपघात भरपाई

अठरा वर्षांखालील मुलाला अपघातातील इजेबद्दल मिळणारी रक्कम व तिच्या रक्षणाच्या कायदेशीर तरतुदी. पुणे शहरातील रस्ते अपघातांचे असे दावे शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे, मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १६६ खाली चालतात. मुलाच्या वतीने आई, वडील किंवा अन्य वादमित्र दावा लावतो. मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३२ प्रमाणे न्यायालयाच्या परवानगीवाचून त्याला तडजोड करता येत नाही, की रक्कम उचलता येत नाही. बिनपरवानगीची तडजोड मुलाच्या बाजूने रद्द होऊ शकते. भरपाई किती मिळाली याइतकेच ती मुलाच्या हाती पोचली का, हेही महत्त्वाचे आहे, आणि या तरतुदींचे खरे मोल तिथेच कळते.

सर्वोच्च न्यायालयाने केरळ राज्य परिवहन महामंडळाच्या खटल्यात दंडक घालून दिला : अज्ञान मुलाची रक्कम तो सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत राहावी, त्या ठेवीवर बँकेने कर्ज देऊ नये, व्याज पालकाला मिळावे. पोटच्या पोराचा पैसा आईबापांपासून अडवायचा कशाला, असा आक्षेप घेतला जातो. बहुतेक आईबाप प्रामाणिकच असतात, हे मान्य. पण घरावरचे कर्ज आजचे असते आणि पाय गमावलेल्या मुलाची गरज पन्नास वर्षांची. आजची निकड नेहमीच जिंकते. शिवाय उपचारांसाठी वाट बंद नाही : गरज पटल्यास कारणे नोंदवून न्यायाधिकरण रक्कम काढू देते.

महागाईचा आक्षेप अधिक वजनदार आहे. दरसाल सहा टक्के महागाई धरली, तर सात वर्षांच्या मुलाची ठेव तो अठरा वर्षांचा होईपर्यंत मोलाने जवळजवळ निम्मी होते. दरमहा सगळे व्याज उचलले, तर ही झीज भरून निघत नाही. म्हणून ठेव मोडण्यापेक्षा व्याजाचा काही भाग मुद्दलात मिळवण्याचा आदेश मागणे शहाणपणाचे. पालकांनी निकालाची प्रत, दाव्याचा क्रमांक आणि ठेवीची पावती जपून ठेवावी व मुलाला समज येताच त्याला दाखवावी. अठरा पूर्ण झाल्यावर ती रक्कम मागण्याचा हक्क त्याचा स्वतःचा असतो.