वैदर्भ विवाहनेपथ्य : परमुलखी निघालेल्या वऱ्हाडच्या नवरीचा शृंगार

१/
विदर्भाच्या ज्या लेकी प्राचीन वाङ्मयात अजरामर झाल्या, त्या बहुतेक लग्न होऊन मुलखाबाहेर गेल्या. रुक्मिणी द्वारकेला, दमयंती निषध देशी, इंदुमती अयोध्येला, मालविका विदिशेला. दुसऱ्या राजाचा मुलूख म्हणजे त्या काळी परदेशच. अशा नवरीला सजवत कसे, सजवणारे हात कोणाचे, आणि त्या सजावटीत तिच्या माहेराचे काय उरे, या प्रश्नांचा हा मागोवा.

२/
सर्वांत बोलका पुरावा कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ या नाटकात आहे. त्याचा नायक शुंग राजपुत्र अग्निमित्र. त्याचा पिता पुष्यमित्र याने इ.स.पू. १८५ च्या सुमारास मौर्यांची सत्ता संपवली. अग्निमित्र विदिशेहून कारभार पाही. कालिदासाचा काळ सामान्यतः इसवी सनाचे चौथे-पाचवे शतक मानतात. म्हणजे नाटक घटनेनंतर किमान पाच शतकांनी लिहिले गेले. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

३/
मालविका ही विदर्भाच्या माधवसेनाची बहीण. तिला अग्निमित्राकडे देण्याचे ठरले होते. वाटेत माधवसेन त्याचा चुलतभाऊ यज्ञसेन याच्या लोकांच्या हाती सापडला. मंत्री सुमती आपली बहीण कौशिकी व मालविका यांना घेऊन निसटला आणि विदिशेच्या वाटेवरील व्यापारी तांड्यात सामील झाला. तांड्यावर दरोडा पडला, सुमती मारला गेला. राजकन्या अखेर विदिशेला पोहोचली, ती राणी धारिणीची दासी म्हणून. ज्या घरी वधू म्हणून यायचे, तिथे तिचे कुळ कोणालाच ठाऊक नव्हते.

४/
तिसऱ्या अंकात अशोकाला बहर यावा म्हणून मालविकेने त्याला पायाने स्पर्श करायचा असतो. त्याआधी तिची सखी बकुलावलिका तिच्या पावलावर अळता रेखते. झाडाआडून पाहणाऱ्या राजाला तिच्या पावलाचा कोवळ्या पालवीसारखा रंग आणि नखांची झळाळी दिसते. अळता ओला आहे, फुंकर घालून वाळवायला हवा, पण इथे वारा आहे, अशी बारीक तपशिलाची बोलणीही होतात. रंग ओला असताना पाऊल टेकवायचे नाही, हा नियम तेव्हाही होता.

५/
हा अळता म्हणजे लाखेचा रंग. पळस, कुसुम यांसारख्या झाडांच्या डहाळ्यांवर लाखेचे किडे राळेचे कवच तयार करतात. ती लाख खरवडून, कुटून पाण्यात धुतली की तांबडा रंग सुटतो. तो कापसात मुरवून ठेवीत आणि लागेल तसा ओला करून हातापायांना, ओठांना लावीत. ‘कामसूत्रा’तील नागरकाच्या सकाळच्या प्रसाधनातही अळता आणि मेण ही जोडी आहे. अर्थात अळता केवळ स्त्रियांचा नव्हता.

६/
पाचव्या अंकात राणी धारिणी परिव्राजिका झालेल्या कौशिकीला सांगते : प्रसाधनकलेचा तुम्हाला अभिमान आहे ना, मग मालविकेच्या अंगावर ‘वैदर्भ विवाहनेपथ्य’ करून दाखवा. नेपथ्य म्हणजे वेशभूषा. विदर्भाच्या नवरीला सजवण्याची एक वेगळी, नावाने ओळखता येईल अशी पद्धत होती, आणि ती विदिशेच्या अंतःपुरालाही माहीत होती, हे कालिदास गृहीत धरतो. पाटलीपुत्राचे नव्हे, उज्जयिनीचे नव्हे, विदर्भाचे नेपथ्य.

७/
राणीला हे ठाऊक नाही की जिला सजवायचे ती विदर्भाचीच राजकन्या आहे. कौशिकीला मात्र ठाऊक आहे. मालविकेला वर्षभर दासीपण भोगावे लागेल आणि मग योग्य पती मिळेल, असे एका सिद्धपुरुषाने सांगितले होते, म्हणून ती गप्प राहिली होती. पुढे विदर्भातून भेट म्हणून आलेल्या दोन कलाकुशल मुली मालविकेला पाहतात आणि ओळखतात. पण तिच्या अंगावर माहेरचा वेश त्याआधीच चढलेला असतो. नाव कळण्यापूर्वी मुलूख परत मिळाला, तोही माहेरच्याच एका बाईच्या हातून.

८/
हा वेश दिसत कसा होता? राजाच्या तोंडून एवढेच कळते की रेशमी वस्त्र फार खाली लोंबणारे नव्हते आणि दागिने पुष्कळ होते. यावरून आजच्या नऊवारीशी किंवा वऱ्हाडी लुगड्याशी थेट नाते जोडणे धाडसाचे ठरेल. ‘रघुवंशा’त इंदुमतीच्या लग्नाच्या वेळी विदर्भाच्या राजधानीतील एक स्त्री वरात पाहायला धावते आणि खिडकीपर्यंत ओल्या अळत्याची पावले उमटतात. चित्र सुंदर आहे. परंतु तोच श्लोक ‘कुमारसंभवा’त हिमालयातील नगरीसाठीही येतो. कवीचा ठरीव वर्णनविशेष कोणता आणि स्थानिक माहिती कोणती, हे वाचकाने निवडून घ्यावे लागते.

९/
नखांबाबत मात्र प्रादेशिक उल्लेख निःसंदिग्ध आहे. ‘कामसूत्रा’त वात्स्यायन चांगल्या नखांचे आठ गुण मोजतो. नख सारखे, उजळ, स्वच्छ, न तडकलेले, वाढते, मऊ, तुकतुकीत असावे, असा त्यांचा रोख आहे. मग तो प्रदेश वेगळे करतो : गौडांची नखे लांब, हाताला शोभा देणारी, दाक्षिणात्यांची आखूड, कामाला टिकणारी, महाराष्ट्रकांची मध्यम, दोन्ही गुण असलेली. शोभा आणि काम यांचा हा मेळ शेतीघरच्या कोणत्याही नवरीला आजही पटेल.

१०/
‘कामसूत्रा’ला वत्सगुल्मही परिचित आहे. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम, १ जुलै १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्याचाच भाग. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी. पुढे राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचे लग्न लावले, तेही याच वत्सगुल्मात. या शाखेच्या हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची काही उत्तम लेणी सजली. सतराव्या लेण्यात आरशात पाहणारी राजस्त्री आणि भोवती प्रसाधनाचे तबक, चवरी घेतलेल्या दासी आहेत. सजणारी एक आणि राबणारे हात अनेक, हे त्या चित्रात स्पष्ट दिसते.

११/
उलट दिशेने आलेली एक नवरी कथेतील नव्हे, इतिहासातील आहे. दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता वाकाटक रुद्रसेन दुसरा याची राणी होऊन विदर्भात आली. पतीच्या मृत्यूनंतर तिने मुलांच्या वतीने राज्य चालवले. तिचे ताम्रपट पुण्यात आणि अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे सापडले. त्यांत ती गुप्तांची वंशावळ देते आणि आपले गोत्र ‘धारण’ सांगते. सासरच्या वाकाटकांचे ‘विष्णुवृद्ध’ नव्हे. स्वतःला ती ‘उभयकुलालंकारभूता’ म्हणवते, दोन्ही कुळांचा अलंकार. मालविकेला माहेर अंगावर मिळाले, प्रभावतीने ते तांब्यावर कोरून घेतले.

१२/
राजवाड्याबाहेर हे काम गावगाड्यात बलुतेदारांकडे होते. लग्नापूर्वी नवरदेवाची हजामत करणारा आणि नखे काढणारा न्हावी. त्याच्या धोकटीतले नखे काढायचे हत्यार म्हणजे नराणी. हा शब्द संस्कृत ‘नखहरणी’वरून आला. पण ही सेवा सर्वांसाठी नव्हती. अस्पृश्य ठरवलेल्या जातींच्या दारी न्हावी जात नसे. त्यांची माणसे आपली आपण लग्नाला तयार होत. ‘परंपरागत शृंगार’ म्हणताना तो कोणाच्या वाट्याला आला आणि कोणाला नाकारला गेला, हेही सांगितले पाहिजे.

१३/
हळद मात्र घरोघरी लागली. तिला बलुतेदार लागत नव्हता. आई, मावशी, आत्या, काकू यांचे हात पुरत. हळदीचा पिवळेपणा कातडीवरून लवकर जातो, नखांच्या कडांना काही दिवस रेंगाळतो. मेंदीचे संस्कृतातील एक नावच ‘नखरंजनी’ आहे. तिच्यातील लॉसोन हे द्रव्य केराटिनला घट्ट धरते. त्वचेचा वरचा थर झडतो, म्हणून तळहाताची मेंदी दोन-तीन आठवड्यांत फिकटते. नख मात्र महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते. त्यावर चढलेला रंग वाढीबरोबर हळूहळू टोकाकडे सरकतो आणि पूर्ण जायला साधारण सहा महिने लागतात.

१४/
आज अकोल्याहून, अमरावतीहून लेकी लग्न होऊन अमेरिकेला, आखाती देशांत, ऑस्ट्रेलियाला जातात. न्हाव्याच्या नराणीच्या जागी पार्लरमधली कानस आणि जेल पॉलिश आले, आणि पैसे मोजणाऱ्या कोणालाही ते मिळते. ही समतेच्या बाजूची गोष्ट आहे. मात्र जगभर एकाच नमुन्याची नखे रंगवली जात असताना ‘वैदर्भ’ म्हणावे असे त्यांत काय उरते, हा प्रश्न नवा नाही. धारिणीच्या अंतःपुरातही उत्तर वस्त्रात किंवा रंगात नव्हते. ते विदर्भाची पद्धत जाणणाऱ्या कौशिकीकडे होते. पद्धत माणसाबरोबर प्रवास करते. जिला ती येते, तिने पुढच्या मुलीला शिकवली तरच ती टिकते.

(धागा समाप्त)