हौशी रेडिओ प्रेषक-ग्राहीचे अंशन

हौशी रेडिओ प्रेषक-ग्राहीचे अंशन : प्रेषक-ग्राहीच्या तबकडीवर दिसणारी कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) प्रत्यक्ष कंप्रतेशी पडताळून जुळविणे, तसेच यंत्रातील छानक (ठराविक कंप्रतापट्टच पुढे जाऊ देणारी गाळणी) व वाहक आंदोलक यांची परस्परसापेक्ष स्थिती निश्चित करणे, या प्रक्रियेस अंशन म्हणतात. व्यापारी केंद्रास सामान्यतः विवक्षित कंप्रता नेमून दिलेली असते. हौशी केंद्रास मात्र संपूर्ण पट्ट वापरावयास मिळतो व त्यात कोणती कंप्रता घ्यावयाची हे केंद्रचालक ठरवितो. या स्वातंत्र्याबरोबरच पट्टाची सीमा न ओलांडण्याची जबाबदारीही त्याच्यावर येते. प्रयोगशाळा हाताशी नसलेल्या व्यक्तीने ही जबाबदारी पार पाडण्यासाठी विश्वसनीय मानक कसे मिळविले, हाच अंशनाच्या इतिहासाचा मुख्य विषय होय.

प्रारंभीचा काळ : अमेरिकेतील १९१२ च्या रेडिओ कायद्याने हौशी केंद्रांना २०० मी. व त्याहून कमी तरंगलांबीपुरते मर्यादित केले. या लघुतरंगांना त्या काळी फारसे व्यावहारिक मूल्य नाही, असे मानले जाई. मापनासाठी तरंगमापक वापरीत. वेटोळे व बदलते धारित्र यांचे हे मंडल प्रेषकाजवळ धरून फिरविले असता एका स्थितीत अनुस्पंदन होई व त्यावरून तरंगलांबी वाचता येई. अशा साध्या उपकरणात १ टक्का चूक सहज राही आणि उपकरण ज्याच्याशी जुळविले ते मानकही अनेकदा शंकास्पद असे.

नोव्हेंबर १९२३ मध्ये सु. ११० मी. तरंगलांबीवर अमेरिका व फ्रान्स येथील हौशी केंद्रांत अटलांटिकपार दुहेरी संदेशवहन झाले आणि लघुतरंगांचे महत्त्व सर्वांच्याच लक्षात आले. त्यानंतर या पट्टांवर इतर सेवांनीही हक्क सांगितला. वॉशिंग्टन येथील १९२७ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेने हौशी पट्ट निश्चित केले व ते १९२९ पासून अंमलात आले. ७ मेगॅहर्ट्‌झपासून सुरू होणारा पट्ट आता केवळ ३०० किलोहर्ट्‌झ रुंद होता. तेथे १ टक्का चूक म्हणजे ७० किलोहर्ट्‌झ, म्हणजे पट्टाच्या जवळजवळ पाव भागाइतकी. जुना तरंगमापक आता पुरेसा राहिला नाही.

स्फटिक व मानक प्रक्षेपणे : प्येअर व झाक क्यूरी या बंधूंनी १८८० साली दाबविद्युत् परिणाम शोधून काढला [⟶ दाबविद्युत्]. त्याच्या आधारे डब्ल्यू. जी. कॅडी यांनी १९२१ च्या सुमारास क्वॉर्ट्‌झ स्फटिकाचा आंदोलक तयार केला. क्वॉर्ट्‌झच्या चकतीची कंप्रता मुख्यत्वे तिच्या मापांवर अवलंबून असल्याने ती फार स्थिर राहते. अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्‌स या संस्थेने १९२३ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूव्ही या केंद्रावरून मानक कंप्रतांचे प्रक्षेपण सुरू केले. त्यामुळे राष्ट्रीय प्रयोगशाळेतील मानक घरबसल्या उपलब्ध झाले. नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिकीय प्रयोगशाळेचे एटीए हे केंद्रही अशी प्रक्षेपणे करीत असे.

जुळणीची पद्धत अशी : १०० किलोहर्ट्‌झच्या स्फटिक आंदोलकाचा शंभरावा गुणावर्ती १० मेगॅहर्ट्‌झवर येतो. तो मानक प्रक्षेपणाबरोबर ऐकला असता दोहोंच्या कंप्रतांमधील फरकाइतका विस्पंद (आवाजाचा नियमित चढउतार) निर्माण होतो. लहान धारित्र फिरवून हा विस्पंद मंद करीत शून्यावर आणतात. मूळ आंदोलकातील १ हर्ट्‌झची चूक येथे १०० हर्ट्‌झ होऊन प्रकट होत असल्याने ती केवळ कानानेही ओळखता येते. एकदा हे साधले की दर १०० किलोहर्ट्‌झवर तबकडी पडताळता येते.

दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याची अतिरिक्त सामग्री विक्रीस आली. तीतील बीसी-२२१ हा कंप्रतामापक हौशी केंद्रांत लोकप्रिय झाला. प्रत्येक मापकाबरोबर केवळ त्याच्याचसाठी तयार केलेली अंशनवही असे. दुसऱ्या मापकाची वही चालत नसल्याने वही हरवली की मापकाचे मूल्यही बव्हंशी नष्ट होई.

छानक : गर्दी वाढल्यावर आपले स्थान अचूक असणे पुरेसे ठरेना, शेजारचे संदेश वगळणेही आवश्यक झाले. जे. जे. लँब यांनी १९३२ मध्ये ग्राहीच्या मध्यस्थ कंप्रता विभागात क्वॉर्ट्‌झ छानक योजला. त्यामुळे प्रत्येक मॉर्स संदेश शून्य विस्पंदाच्या दोन्ही बाजूंस दोनदा ऐकू येण्याचा दोष दूर झाला. स्फटिकाची कंप्रता सहज बदलत नसल्याने उरलेली मंडले स्फटिकाशी जुळवावी लागत.

एकपार्श्वपट्ट प्रेषणात छानकाचे कार्य अधिक नाजूक असते. सु. २.१ ते २.४ किलोहर्ट्‌झ रुंदीच्या छानकाने एक पार्श्वपट्ट पुढे न्यावयाचा व दुसरा रोखावयाचा असतो. यासाठी वाहक कंप्रता छानकाच्या पट्टाबाहेर, कडेपासून सु. ३०० हर्ट्‌झवर ठेवतात. ती आत सरकली तर नको असलेला पार्श्वपट्ट व वाहक तरंग निसटून शेजाऱ्यास त्रास देतात. फार दूर गेली तर आवाजातील खालचे स्वर जाऊन तो पातळ व कर्कश होतो. कॉलिन्स कंपनीच्या केडब्ल्यूएम-२ (१९५९) यासारख्या यंत्रांत प्रेषक व ग्राही यांचे आंदोलक सामाईक होते. त्यामुळे जुळणी सोपी झाली. परंतु एकाच आंदोलकातील चूक ऐकणे व बोलणे या दोहोंत सारखीच उतरू लागली.

अलीकडील प्रगती : दूरचित्रवाणी संच व संगणक यांच्यासाठी मोठ्या प्रमाणावर बनणारे स्फटिक स्वस्त झाले. त्यांच्यापासून शिडीसारख्या रचनेचा छानक बनविण्याची पद्धत वेस हेवर्ड यांच्या १९८२ मधील लेखाने सुगम केली. अशा छानकासाठी स्फटिक एकेक मोजून जुळते निवडावे लागतात. हैदराबाद येथील अश्हर फरहान यांनी याच तत्त्वावर बिटेक्स हा अल्पखर्ची प्रेषक-ग्राही तयार करून त्याची रचना सर्वांस खुली केली. त्यांच्या मायक्रोबिटेक्स (२०१७) या यंत्रात सर्व आंदोलनांचा उगम २५ मेगॅहर्ट्‌झच्या एका स्फटिकात आहे. धारित्र फिरविण्याऐवजी दुरुस्तीचा अंक स्मृतिमंडलात साठविला जातो. तथापि तो अंक मिळविण्यासाठी ज्ञात कंप्रतेचे केंद्र लावून शून्य विस्पंद साधण्याची जुनीच रीत उपयोगी पडते व वाहकाचे स्थान आवाज ऐकूनच ठरविता येते.

आता उपग्रहांवरील आणवीय घड्याळांशी जोडलेले आंदोलकही हौशी केंद्रांत आढळतात. साधने बदलली तरी मूळ तत्त्व तेच राहिले आहे : कोणतेही यंत्र स्वतःची चूक स्वतः ओळखू शकत नाही, त्यासाठी अधिक विश्वसनीय मानकाशी तुलना करावीच लागते.