क्षयाचा जंतू दिसला तो उजेडामुळे

दातांवरच्या किटणातले जंतू लेवेनहुकने १६८३ सालीच पाहिले होते, तेही एकाच भिंगाच्या साध्या यंत्रातून. मग क्षयाचा जंतू सापडायला १८८२ साल का उजाडावे लागले? जंतू तर प्रत्येक क्षयरुग्णाच्या फुफ्फुसात होता, दोन-तीन भिंगांचे सूक्ष्मदर्शकही प्रयोगशाळांत होते. क्षय संसर्गाने होतो हे व्हिलमँ या फ्रेंच डॉक्टरने १८६५ मध्ये सशांवर दाखवूनही दिले होते.

यंत्र पुरेसे "मोठे" दाखवत नव्हते, असे आपल्याला वाटते. खरी अडचण वेगळी होती. हा जंतू रुंदीला ०.२ ते ०.५ मायक्रॉन. साध्या प्रकाशात दोन बिंदू वेगळे दिसण्याची मर्यादाच सुमारे ०.२ मायक्रॉन आहे. तिथे नुसते मोठे करून उपयोग नसतो. पुसट ठिपका मोठा केला की मोठा पुसट ठिपका दिसतो.

ही मर्यादा गणिताने मांडली ती अर्न्स्ट आबे याने, १८७३ मध्ये. येना शहरात कार्ल झाइसच्या कारखान्यासाठी तो काम करत असे. भिंगात जितके तिरपे किरण शिरतील तितके बारकावे दिसतात, हे त्याने ओळखले. त्यातून दोन वस्तू आल्या. एक म्हणजे स्लाइडखाली बसणारा कंडेन्सर, जो उजेडाचा रुंद शंकू नमुन्यावर टाकतो. दुसरी म्हणजे १८७८ चे तेलातले ऑब्जेक्टिव्ह. काचेतून हवेत येताना तिरपे किरण बाहेर वळतात आणि वाया जातात. मधे सीडरवुड तेलाचा थेंब ठेवला तर काच आणि तेल यांचा अपवर्तनांक जवळपास सारखा (सुमारे १.५२) असल्याने किरण सरळ भिंगात जातात.

या दोन्ही गोष्टींचा खरा उपयोग ओळखला तो रॉबर्ट कॉख याने. वोलस्टाइन या लहान गावात तो सरकारी डॉक्टर होता. जखमांच्या संसर्गावरच्या १८७८ च्या पुस्तकात त्याने एक निरीक्षण नोंदवले, आणि मला ते त्याच्या मोठ्या शोधांइतकेच मोलाचे वाटते. कंडेन्सरचा डायफ्रॅम बारीक केला की पेशी, तंतू, सगळ्यांच्या काळ्या कडा उठून दिसतात आणि त्या गर्दीत जंतू हरवतो. डायफ्रॅम पूर्ण उघडला की कडा उजेडात विरघळतात आणि फक्त रंग उरतो. जंतूला रंग दिलेला असेल, तर आता तो एकटाच दिसतो!

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये कॉखने क्षयाचा जंतू सादर केला. दर सात मृत्यूंपैकी एक क्षयाने होतो, असे त्याने तेव्हा सांगितले. ऐकायला पॉल एर्लिख बसला होता. त्याने लगेच रंगवण्याची रीत सुधारली. पुढे झील आणि नील्सन यांनी तिला आजचे रूप दिले: निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या.

कॉखची ती नोंद आजही लॅबमध्ये रोज लागू पडते. आधी १०च्या ऑब्जेक्टिव्हवर नमुना फोकस करायचा. मग तेलाचा थेंब टाकून १००चे ऑब्जेक्टिव्ह फिरवून आणायचे, तेही बाजूने बघत, म्हणजे स्लाइड फुटत नाही. त्यानंतर फक्त बारीक स्क्रू हलवायचा. रंगवलेल्या स्लाइडसाठी कंडेन्सर वर आणि डायफ्रॅम उघडा. न रंगवलेल्या नमुन्याला, उदाहरणार्थ लघवीतल्या पेशी बघताना, उलट डायफ्रॅम बारीक करायचा, कारण तिथे कडाच बघायच्या असतात. उजेड डोळ्यांना खुपला तर दिवा मंद करावा. पुष्कळ जण त्याऐवजी कंडेन्सर खाली ओढतात. तसे केले की तिरपे किरण गेले, आणि आपण १८७० च्या आधीच्या यंत्रातून पाहू लागलो.

(दिव्याचे प्रतिबिंब नमुन्यावर न पडता सगळीकडे सारखा उजेड कसा पाडायचा, ही रीत ऑगस्ट कोहलर याने १८९३ मध्ये दिली. त्याला सूक्ष्मदर्शकातून फोटो काढायचे होते.)

हे रुग्णाने का वाचावे? थुंकीच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण ५,००० ते १०,००० जंतू असतील तरच ते स्लाइडवर सापडण्याची शक्यता असते. त्याहून कमी असतील तर यंत्र उत्तम लावूनही निसटतात; कंडेन्सर खाली असेल तर पुष्कळ असूनही निसटू शकतात. असा माणूस "निगेटिव्ह" कागद घेऊन घरी जातो आणि घरात खोकत राहतो. म्हणून दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, ताप येत असेल, वजन उतरत असेल, तर एका निगेटिव्ह स्लाइडवर थांबू नका. सीबीनॅट तपासणीबद्दल तुमच्या डॉक्टरांना विचारा, आणि नमुना देताना तोंडातली लाळ नको, छातीतून खोकून काढलेला बेडका द्या.