जुन्या जीपचे स्टिअरिंग मूळचे आहे की बदललेले, हे कसे ओळखावे?

नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठच्या प्रकाशाहून शहाद्याकडे किंवा तळोद्याकडे गेले की पुढे सातपुड्याचे घाट लागतात. या रस्त्यांवर वर्षानुवर्षे जीपच चालत आली. त्यामुळे खानदेशात जुनी गाडी पुन्हा उभी करायची म्हटले की बहुधा जीपच समोर येते, आणि विकणारा हमखास सांगतो, "युद्धातली आहे." हे खरे की खोटे, ते इंजिनवरून ठरवणे अवघड असते, कारण पेट्रोल परवडत नाही म्हणून पुष्कळ जीपमध्ये डिझेल इंजिने बसवली गेली. स्टिअरिंगच्या खुणा मात्र सहज पुसता येत नाहीत.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. विलीजच्या मॉडेलला एमबी आणि फोर्डच्या मॉडेलला जीपीडब्ल्यू म्हणतात. या गाड्यांचे स्टिअरिंग डावीकडे होते. पुढे महिंद्रने मुंबईत भारतीय रस्त्यांना साजेशा, म्हणजे उजव्या स्टिअरिंगच्या जीपही बनवल्या. म्हणून उजव्या स्टिअरिंगची ‘युद्धातली जीप’ दिसली तर दोनच शक्यता उरतात: ती नंतर बदललेली आहे, किंवा ती युद्धातली नाहीच.

आधी चासी पाहावी

स्टिअरिंग बॉक्स चासीच्या लांब पट्टीला बोल्टने बांधलेला असतो. बाजू बदलली असेल तर जुन्या पट्टीवर रिकामी किंवा वेल्डिंगने बुजवलेली भोके सापडतात. रंगाखाली ती दिसत नाहीत, म्हणून तेवढा भाग तारेच्या ब्रशने उघडा करावा. फरशीच्या पत्र्यावर कॉलमच्या आणि पेडलच्या जागी ठिगळ आहे का, तेही बघावे. उलटा प्रकारही घडतो. महिंद्रची उजव्या स्टिअरिंगची जीप लष्करी रंगात रंगवून तिचे स्टिअरिंग डावीकडे नेले जाते. तेव्हा बुजवलेली भोके उजव्या पट्टीवर मिळतात.

चासीचा पुढचा आडवा दांडा एमबीमध्ये गोल नळीचा असतो, तर जीपीडब्ल्यूमध्ये उलट्या ‘यू’ आकाराचा. ही खूण बदलणे फार कष्टाचे, त्यामुळे तिच्यावर बराच विश्वास ठेवता येतो.

बॉक्स आणि दांडे

युद्धकाळातल्या जीपचा स्टिअरिंग बॉक्स रॉस कंपनीच्या पद्धतीचा असे. कॉलमच्या टोकाला फिरत्या खाचेचा कॅम आणि त्या खाचेत चालणाऱ्या दोन खुंट्यांचा लिव्हर, अशी त्याची रचना असते. झाकण उघडून खुंट्यांऐवजी गोळ्यांवर चालणारी यंत्रणा दिसली, तर तो बॉक्स दुसऱ्या गाडीचा किंवा पुष्कळ नंतरचा आहे. बॉक्सपासून ड्रॉप आर्म, मग ड्रॅग लिंक, पुढे मधोमध बेलक्रँक आणि तिथून दोन्ही चाकांकडे दोन टाय रॉड, असा जोर पोहोचतो. एकच लांब टाय रॉड एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत गेलेला असेल आणि बेलक्रँक गायब असेल, तर जोडणी बदललेली आहे. बेलक्रँकचा बुश झिजला की स्टिअरिंगला प्ले येतो, म्हणून मेकॅनिक तो काढूनच टाकतात. घाटात गाडी चालवणाऱ्याच्या दृष्टीने त्यात गैर काही नाही, पण मग गाडी मूळ रूपात राहत नाही.

सुटा भाग हातात घेतला की आधी आटे तपासावेत. मूळ भाग इंची मापाचे असतात. एमएमचा पाना नेमका बसला तर नट-बोल्ट तरी नंतरचे आहेत. घडीव ड्रॉप आर्मवर साच्याच्या जोडाची रुंद, घासलेली रेघ दिसते, ओतीव नकलेवर ती बारीक आणि धारदार असते. फोर्ड आपल्या भागांवर आणि बोल्टवरही इंग्रजी ‘एफ’ हे अक्षर उमटवत असे. मात्र एका लिव्हरवर ‘एफ’ दिसला म्हणून अख्खी गाडी फोर्डची ठरत नाही. दोन्ही कंपन्यांचे भाग एकमेकांना बसत, आणि लष्करी दुरुस्तीत जो हाताला लागेल तो बसवला जाई.

साठ-सत्तरच्या दशकांतल्या अमेरिकन मसल कारमध्ये हे काम आकड्यांवरून होते. फोर्डच्या भाग-क्रमांकात पहिले अक्षर दशक सांगते (‘सी’ म्हणजे १९६० चे दशक) आणि पुढचा अंक वर्ष. म्हणजे ‘सी५’ हा क्रमांक १९६५ चा. हे वर्ष त्या भागाच्या आराखड्याचे असते, तो बनला त्या दिवसाचे नव्हे. म्हणून १९६६ च्या गाडीत ‘सी५’ भाग मिळाला तरी तो खोटा नसतो.

नोंदणीचा प्रश्न

२०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेली आणि मूळ रूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यांत बसते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल केलेली गाडी बसत नाही. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. चासीवर कापाकापी करून बाजू बदललेली जीप इथेच अडकू शकते, त्यामुळे ही तपासणी पैसे देण्याआधी करावी.

टाय रॉडचे बॉल जॉइंट, बुश आणि सील मात्र मूळचे जपण्याच्या फंदात पडू नये, ते नवेच घालावेत. वेल्डिंग केलेला किंवा तापवून सरळ केलेला ड्रॉप आर्म कितीही अस्सल असला तरी गाडीवर चढवू नये. तो हवा तर भिंतीवर टांगावा.