क्रूझर मोटरसायकल मॉडिफाय करताना: काय बदलावं, कशाला हात लावू नये

आपल्याकडे मोटरसायकल एकट्या माणसाची क्वचितच असते. सकाळी मुलगा तिच्यावर कामाला जातो, दुपारी अम्मीला दवाखान्यात नेतो, संध्याकाळी बहिणीला क्लासहून घेऊन येतो. ईदच्या दिवशी त्याच गाडीवर पुढे टाकीवर पोर आणि मागे बायको असा सगळा संसार निघतो. म्हणून गाडीत केलेला बदल फक्त चालवणाऱ्यापुरता राहत नाही, तो मागे बसणाऱ्यांनाही भोगावा लागतो.

गेल्या काही वर्षांत क्रूझर गाड्यांची हौस वाढली आहे. बजाजची ॲव्हेंजर २००५ साली आली, त्याआधी २००१ मध्ये एलिमिनेटर होती. रॉयल एनफिल्डच्या थंडरबर्डची जागा नोव्हेंबर २०२० मध्ये मीटिऑर ३५० ने घेतली. या गाड्या घेतल्या की आठवडाभरात सायलेन्सर, हँडल, टायर बदलायच्या गोष्टी सुरू होतात. हौस करायला हरकत नाही. पण कोणता बदल कायद्यात बसतो, कोणता जिवावर बेतू शकतो आणि कोणता खरोखर कामाचा आहे, हे आधी माहीत असावं.

क्रूझर वेगळी कशी?

क्रूझरची सीट खाली असते. ॲव्हेंजरची सीट जमिनीपासून सुमारे ७३७ मिलिमीटर आणि मीटिऑरची ७६५ मिलिमीटर उंचीवर आहे. पाय पुढे, हँडल रुंद आणि पुढचे फोर्क जास्त कललेले असतात. त्यामुळे गाडी सरळ रस्त्यावर शांत चालते, पण वळायला आणि गर्दीत फिरवायला जरा जड जाते. वजनही जास्त असतं. मीटिऑर १९० किलोच्या आसपास भरते. कंपनीने ब्रेक, टायर, शॉकॲब्जॉर्बर आणि हँडल या वजनाचा आणि बैठकीचा हिशोब करून बसवलेले असतात. यातलं एक बदललं की बाकीच्यांचा हिशोबही बदलतो.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की, आरसी बुकात लिहिलेली माहिती कंपनीने दिलेल्या माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानेही हेच स्पष्ट केलं. इंजिन, चेसिस, सीटची संख्या, गाडीचा मूळ ढाचा हे सगळं यात येतं. चेसिस कापून मागचा भाग छोटा करणं किंवा दुसऱ्या गाडीचं मोठं इंजिन बसवणं सरळ बेकायदा आहे. रंग पूर्ण बदलायचा असेल तर आरटीओत कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ मध्ये अशा बेकायदा बदलासाठी गाडीच्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. यात मालक म्हणजे आरसीवर ज्याचं नाव आहे तो. गाडी अब्बांच्या नावावर असेल आणि बदल मुलाने केला असेल, तरी जबाब अब्बांनाच द्यावा लागतो.

अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हातात गाडी दिली तर कलम १९९-अ लागू होतं. त्यात पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे. गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही.

नंबर प्लेटशी खेळू नका. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट कंपनीकडूनच येते. आकड्यांचा ‘दादा’ करणं, ७८६ मोठा आणि बाकीचे आकडे बारीक करणं, प्लेट आत वाकवून बसवणं, यातलं काहीच चालत नाही.

सायलेन्सर: सगळ्यात जास्त होणारी चूक

१७५ सीसीच्या वरच्या मोटरसायकलसाठी कंपनीला ८० डेसिबलची आवाजाची मर्यादा आहे. बाजारातला मोकळा सायलेन्सर ही मर्यादा सहज ओलांडतो. कलम १९० प्रमाणे आवाज आणि धुराच्या गुन्ह्याला पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, शिवाय लायसन्स तीन महिने अपात्र ठरू शकतं. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवला आहे.

दुसरं नुकसान इंजिनचं होतं. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांमध्ये सायलेन्सरच्या पाइपात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर असतो. त्या सेन्सरच्या माहितीवर इंजिनात पेट्रोल किती सोडायचं ते ठरतं. पाइप बदलला की हा हिशोब चुकतो, इंजिन जास्त तापतं, मायलेज पडतं आणि पीयूसीतही अडचण येते. ‘आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली’ हा निव्वळ गैरसमज आहे.

आणि गल्लीत कुणी आजारी असतं, कुणाचं पोर परीक्षेचा अभ्यास करत असतं. रात्री बारा वाजता फटाफट आवाज करत जाणाऱ्या एका गाडीमुळे सगळ्या मोहल्ल्याला बोल लागतो.

मागे बसणाऱ्यांसाठी: साडीगार्ड काढू नका

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. क्रूझर ‘क्लीन’ दिसावी म्हणून बरेच जण पहिल्यांदा साडीगार्ड आणि चेन कव्हर काढतात. हे करू नका.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२३ प्रमाणे मोटरसायकलला मागच्या माणसासाठी पक्की पकड, पाय ठेवायला फुटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निम्म्याहून कमी नाही इतका भाग झाकणारं गार्ड असावं लागतं. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणूनच हा नियम आहे. बुरखा, अबाया, दुपट्टा, साडी, शेरवानीचा घेर, हे सगळं वाऱ्याने मागच्या चाकाकडे ओढलं जातं. बहुतेक गाड्यांवर चेन डावीकडे असते आणि एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या बायकाही डावीकडेच पाय सोडतात. कापडाचं एक टोक चेनमध्ये किंवा स्पोकमध्ये गेलं की चाक ते क्षणात गुंडाळून घेतं. गळ्याभोवतीचा दुपट्टा असेल तर गळा आवळला जातो, मानेला जबर इजा होते. असे अपघात ताशी वीस-तीसच्या वेगातही होतात.

म्हणून घरात ही सवय लावा:

• शक्य असेल तर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसावं. तोल जास्त चांगला राहतो.
• बुरख्याचा किंवा अबायाचा घेर गोळा करून मांडीखाली दाबावा. दुपट्ट्याची दोन्ही टोकं आत खोचावी किंवा पिन लावावी. मागे मोकळं काही लोंबू नये.
• चालवणाऱ्याने गाडी सुरू करण्याआधी स्वतः मागे वळून कपडे बघावेत.
• कापड अडकलंच तर क्लच दाबून गाडी थांबवावी आणि इंजिन बंद करावं. गाडी पुढे ढकलू नये, कापड ओढू नये. चाक हळूहळू उलटं फिरवून कापड सोडवावं. गळ्याला ताण असेल तर आधी कात्रीने किंवा चाकूने कापडच कापावं.

मागे बसणाऱ्यासाठी पाठीला टेकू लावणं चांगला बदल आहे. तो कंपनीचा किंवा त्याच मॉडेलसाठी बनलेला घ्यावा आणि बोल्टने चेसिसच्या मूळ जागी बसवावा. वेल्डिंग करून लावू नये, कारण उष्णतेने चेसिसचं लोखंड कमजोर होऊ शकतं.

लहान मुलांसाठी फेब्रुवारी २०२२ मध्ये नियम आला आणि एक वर्षाने लागू झाला. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाशी बांधणारा सुरक्षा पट्टा आणि मापाचं हेल्मेट हवं, आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको. पोराला टाकीवर बसवायची सवय मोडायला हवी. अचानक ब्रेक लागला की पहिला मार त्यालाच बसतो.

पैसे आधी कुठे घालावे?

दिसण्यावर खर्च करण्याआधी थांबण्यावर खर्च करा. योग्य क्रम असा: ब्रेक, टायर, लाइट, शॉकॲब्जॉर्बर, सीट आणि मग सजावट.

ब्रेक: डिस्कचे पॅड झिजले असतील तर चांगल्या कंपनीचे घ्या. ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलावं, कारण ते हवेतलं पाणी शोषतं आणि घाटात ब्रेक तापल्यावर लिव्हर मऊ पडतो. ऑइल कोणतं, ते डब्याच्या झाकणावर लिहिलेलं असतं. एबीएस असलेल्या गाडीत चाक, डिस्क किंवा सेन्सरची जागा बदलू नये.

टायर: मागे जाड टायर टाकायची फार हौस असते. मीटिऑरचा मागचा टायर १४०/७०-१७ आहे. त्याच रिंगवर जास्त रुंद टायर चढवला तर त्याचा आकार बिघडतो, वळताना गाडी अडते, चेनला किंवा मडगार्डला टायर घासू शकतो. चाकाचा घेर बदलल्याने एबीएसचा हिशोबही चुकतो. माप कंपनीचंच ठेवा, दर्जा वाढवा. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते. ‘१२२४’ म्हणजे २०२४ सालचा बारावा आठवडा. दुकानात पडून जुना झालेला टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. साध्या स्पोकच्या रिंगवर ट्यूब लागतेच, कारण स्पोकच्या भोकांतून हवा जाते.

हँडल: उंच हँडलने हात खांद्याच्या वर गेले की ते बधिर होतात आणि गाडीवरचा ताबा कमी होतो. हँडल बदललंच तर क्लच वायर, ॲक्सिलरेटर वायर आणि ब्रेकचा पाइप त्या लांबीचा हवा. तपासायची सोपी रीत: गाडी न्यूट्रलमध्ये सुरू करून हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा. इंजिनचा आवाज आपोआप वाढला तर वायर ताणली जाते आहे. तशी गाडी रस्त्यावर काढू नका.

लाइट आणि वायरिंग

साधा हिशोब लक्षात ठेवा: वॉट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर. १२ व्होल्टच्या गाडीत ६० वॉटचा बल्ब ५ अँपिअर ओढतो. तिथे १०० वॉटचा टाकला तर ८ अँपिअरच्या वर जातो. मूळ वायर आणि होल्डर तेवढ्यासाठी नसतात. ते वितळतात, शॉर्टसर्किट होतं आणि टाकीखालीच आग लागू शकते.

जादा लाइट लावायचे असतील तर २० वॉटचे दोन पुरे. दोन्ही मिळून सुमारे ३.३ अँपिअर होतात. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून आधी ५ अँपिअरचा फ्यूज, मग रिले, मग लाइट, आणि हँडलवरचं बटन फक्त रिले चालवण्यासाठी. मूळ वायर कापून जोड मारू देऊ नका. रोख खाली ठेवा, समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जाता कामा नये. पुढे लाल किंवा निळे चमकणारे दिवे आणि अनेक सुरांचे हॉर्न बेकायदा आहेत.

बॅग आणि सामान

क्रूझरला दोन्ही बाजूंच्या बॅगा शोभतात आणि कामालाही येतात. वजन दोन्हीकडे सारखं ठेवा आणि जड वस्तू तळाशी भरा. बॅग सायलेन्सरला टेकू नये, इंडिकेटर झाकला जाऊ नये. मागे दोन माणसांचं वजन आणि वर सामान झालं की पुढचं चाक हलकं पडतं आणि हँडल डगमगतं. डबलसीट लांब जाणार असाल तर मागच्या शॉकॲब्जॉर्बरचा प्रीलोड वाढवून घ्या आणि टायरची हवा पुस्तिकेत दिलेल्या डबलसीटच्या आकड्याइतकी भरा.

विमा आणि सेकंडहँड गाडी

विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर महागात पडतो. सर्व्हेअरने तो बदल अपघाताशी जोडला तर क्लेम कमी होऊ शकतो किंवा नाकारला जाऊ शकतो. जादा सामान लावताना बिल ठेवा, विमा कंपनीला लेखी कळवा, पॉलिसीवर नोंद मागा. वॉरंटीतल्या गाडीची वायरिंग बाहेर कापली की इलेक्ट्रिकल वॉरंटीवरही पाणी सोडावं लागतं.

सेकंडहँड घेताना इंजिन आणि चेसिस नंबर आरसीशी जुळवून बघा. आधीच्या मालकाने काय काय बदललंय ते विचारा आणि मूळ सुटे भाग मागून घ्या. पुण्याची नाना पेठ असो की कुर्ल्याचा सीएसटी रोड, पार्ट घेताना पक्कं बिल मागा. बिल नसलेला स्वस्त भाग चोरीचाही असू शकतो, आणि नकली ब्रेक पॅड तर कधीच नको.

आपल्यातली कितीतरी मुलं गॅरेजमध्ये मिस्त्री आहेत. त्यांनीही गिऱ्हाइकाला साफ ‘नाही’ म्हणायला शिकावं. साडीगार्ड काढून देणारा हातही अपघाताला जबाबदार असतो.

बदल झाल्यावर, रस्त्यावर काढण्याआधी

१. दोन्ही ब्रेक वेगवेगळे, मोकळ्या जागेत, कमी वेगात तपासा.
२. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून वायर बघा.
३. हेडलाइट, ब्रेक लाइट, इंडिकेटर, हॉर्न चालू आहेत ना बघा.
४. चेनचा ढील पुस्तिकेप्रमाणे आहे ना, साडीगार्ड घट्ट आहे ना बघा.
५. पन्नास-शंभर किलोमीटर चालवल्यावर सगळे नवे बोल्ट पुन्हा आवळून घ्या.
६. पहिली फेरी एकट्याने मारा. घरच्यांना मागे बसवायचं ते नंतर.

आणि हेल्मेट दोघांनाही. १ जून २०२१ पासून आयएसआय मार्क नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवायला आणि विकायला बंदी आहे. आत आयएस ४१५१ लिहिलेलं बघून घ्या. हिजाबवर हेल्मेट घालणाऱ्या बहिणींनी कपडा पातळ, एका घडीचा ठेवावा आणि हिजाब बांधूनच दुकानात माप घ्यावं, म्हणजे पट्टा नीट लागतो आणि हेल्मेट डोक्यावर हलत नाही. गाडीच्या सजावटीचं बजेट ठरवाल तेव्हा मागे बसणाऱ्याच्या हेल्मेटचे पैसे त्यातून आधी बाजूला काढून ठेवा.